लॅबमध्ये ब्राउझर चालतो, पण अपडेट अडकतं. लिनक्स संगणकात 'प्रॉक्सी' नेमकी कुठे कुठे भरायची?

देहूरोड : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सात-आठ वर्षांपूर्वीच्या बऱ्याच संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सोय मशीनमध्ये असावी लागते. मग मशीन भंगारात द्यायचं की त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून अजून काही वर्षं वापरायचं, हा प्रश्न शाळेच्या लॅबपासून गावातल्या अभ्यासिकेपर्यंत सगळीकडे येतो. लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, व्हायरसची कटकट कमी. टाकणारा टाकून देतो आणि निघून जातो. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते, जेव्हा ते मशीन कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलं जातं आणि तिथला माणूस एका चिठ्ठीवर एक आकडा लिहून देतो आणि म्हणतो, "ही प्रॉक्सी टाक."

प्रॉक्सी टाकली जाते. ब्राउझर सुरू होतो, वेबसाइट उघडते, सगळे खूश. पण सॉफ्टवेअर अपडेट करायला गेलं की 'कनेक्ट होता येत नाही' असा निरोप येतो. तो कुणी मनावर घेत नाही, कारण नेट तर चालू दिसतंय. असं मशीन महिनोन्‌महिने सुरक्षा अपडेटशिवाय पडून राहतं, आणि त्याच मशीनवरून शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, आधारची पीडीएफ उघडली जाते, बँकेचं पासवर्ड टाकलं जातं. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्रॉक्सी म्हणजे कोण?

वडगावला तहसील कचेरीत गेलेल्या माणसाला चित्र लगेच समजेल. अर्ज थेट साहेबांच्या टेबलावर जात नाही. तो शिपायाच्या हातात द्यायचा, शिपाई आत नेणार, उत्तर बाहेर आणून देणार. साहेबांना शिपाई दिसतो, बाहेर उभा असलेला माणूस दिसत नाही. कोणता कागद आत न्यायचा आणि कोणता दारातच परत करायचा, हेही शिपायाला आधी सांगून ठेवलेलं असतं.

प्रॉक्सी सर्व्हर हाच शिपाई. कॉलेजमधले दोनशे संगणक थेट इंटरनेटवर जात नाहीत. प्रत्येक जण आपली मागणी एका मधल्या मशीनला सांगतो, ते मशीन बाहेर जाऊन पान आणतं. त्यामुळे कोणत्या साइट बंद ठेवायच्या, कोण काय उघडतंय याची नोंद ठेवायची, हे सगळं एकाच जागी करता येतं. पूर्वी आणखी एक फायदा होता. लाइन हळू असायची, तेव्हा एकाने उघडलेलं पान प्रॉक्सी स्वतःकडे जपून ठेवायची आणि दुसऱ्याने मागितलं की तिथूनच द्यायची. आता बहुतेक साइट कुलूपबंद म्हणजे एचटीटीपीएसवर असल्यामुळे हा फायदा बराच कमी झाला आहे.

या कामासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे 'स्क्विड'. १९९६ पासून ते चालू आहे, आणि त्याचा ठरलेला दरवाजा, म्हणजे पोर्ट, ३१२८. म्हणून चिठ्ठीवर बहुतेक वेळा एक पत्ता आणि पुढे ३१२८ किंवा ८०८० असा आकडा असतो. पत्ता आणि पोर्ट, या दोन गोष्टी मिळाल्याशिवाय प्रॉक्सी भरता येत नाही. काही ठिकाणी तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे यूजरनेम आणि पासवर्ड.

आधी खात्री करा की प्रॉक्सी लागतेच

इथे बरेच जण फसतात. वायफाय जोडल्यावर आपोआप एक पान उघडतं, त्यात मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा आणि नेट सुरू. रेल्वे स्टेशनांवरचं रेलवायर असंच चालतं. हॉटेलांतही हेच. याला प्रॉक्सी म्हणत नाहीत, हे लॉगिनचं पान आहे. इथे संगणकात काहीही भरायचं नसतं. उलट आधीची एखादी प्रॉक्सी भरलेली राहिली असेल तर हे लॉगिनचं पान उघडतच नाही, आणि माणूस वायफायला शिव्या देत बसतो.

अनेक संस्थांनीही गेल्या काही वर्षांत प्रॉक्सीऐवजी लॉगिनच्या पानाची पद्धत घेतली आहे. म्हणून लॅबच्या माणसाला सरळ विचारायचं : "पान उघडून लॉगिन करायचं, की सेटिंगमध्ये पत्ता भरायचा?"

लिनक्समध्ये एकच मेन स्विच का नाही?

घरात वीज बंद करायची तर मेन स्विच पाडला की झालं. प्रॉक्सीचंही तसंच असेल, एका जागी भरली की सगळ्या संगणकाला लागू, असं कुणालाही वाटतं. लिनक्समध्ये ते तसं नाही. इथे चित्र जुन्या वाड्यासारखं आहे. वाडा एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाचा मीटर वेगळा.

कारण साधं आहे. लिनक्स एका कंपनीने बसून बनवलेलं नाही. पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप एका गटाने केलाय, आतला सॉफ्टवेअर बसवणारा कारभारी दुसऱ्याने, टर्मिनलमधल्या आज्ञा तिसऱ्याने. प्रत्येकाने प्रॉक्सी कुठून वाचायची ते आपापलं ठरवलं. त्यात एक रूढ पद्धत आहे, पण ती रूढी आहे, कायदा नाही. सगळे पाळतातच असं नाही.

सर्वसाधारण उबुंटूच्या मशीनवर अशी चार बिऱ्हाडं धरायची : डेस्कटॉपचं सेटिंग, 'एन्व्हायर्नमेंट' नावाची फाइल, 'एपीटी' हा सॉफ्टवेअर बसवणारा कारभारी, आणि 'स्नॅप' हा दुसरा कारभारी. चारही ठिकाणी पत्ता गेला की मगच 'सगळ्या संगणकाला प्रॉक्सी लागली' असं म्हणता येतं.

पहिलं बिऱ्हाड : डेस्कटॉपचं सेटिंग

हे सगळ्यांत सोपं. उबुंटूत सेटिंग उघडायचं, 'नेटवर्क'मध्ये जायचं, तिथे 'प्रॉक्सी' दिसेल. लिनक्स मिंटच्या सिनॅमन आवृत्तीतही नेटवर्कच्या खिडकीतच हे असतं. 'मॅन्युअल' निवडायचं आणि एचटीटीपी व एचटीटीपीएस अशा दोन्ही ओळींत तोच पत्ता आणि तोच पोर्ट टाकायचा. खाली 'सॉक्स' अशी एक ओळ असते. कुणी मुद्दाम सांगितलं नसेल तर ती रिकामी ठेवायची. तिथेही तोच पत्ता भरला की काही प्रोग्रॅम चुकीच्या दारावर टकटक करत बसतात.

'ऑटोमॅटिक' हा पर्याय वेगळा. त्यात पत्त्याऐवजी एका फाइलची लिंक द्यायची असते, आणि कोणत्या साइटसाठी कोणती प्रॉक्सी हे ती फाइल ठरवते. संस्थेने लिंक दिली असेल तरच हा वापरायचा. लिंकची जागा रिकामी सोडून ऑटोमॅटिक ठेवलं तर संगणक नेटवर्कलाच विचारतो, "बाबा, प्रॉक्सी कोणती?" ओळखीच्या नेटवर्कवर ठीक आहे. बाहेरच्या फुकट वायफायवर कुणीही खोटं उत्तर देऊ शकतो, म्हणून तिथे हे नको. डेस्कटॉप स्वतःही तशी सूचना देतो, पण ती इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते.

हे भरलं की क्रोम चालू होतो. फायरफॉक्सही चालू होतो, कारण त्याच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिमची प्रॉक्सी वापरा' असं आधीच निवडलेलं असतं. कुणी ते बदललं असेल तर फायरफॉक्सच्या सेटिंगच्या पहिल्या पानावर अगदी तळाशी 'नेटवर्क सेटिंग' आहे, तिथे बघायचं.

जुन्या उबुंटूत याच खिडकीत 'पूर्ण सिस्टिमला लागू करा' असं एक बटण होतं. ते दाबलं की पुढची बरीच कामं आपोआप व्हायची. नंतर ते काढून टाकलं. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून बटण शोधत बसू नये, ते सापडणार नाही.

जुन्या मशीनवर बऱ्याचदा मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती किंवा झुबुंटू टाकतात. त्या डेस्कटॉपला प्रॉक्सीसाठी स्वतःची खिडकी नाही. तिथे पहिलं बिऱ्हाड सोडून थेट दुसऱ्यावर जायचं. एक्सएफसीईवर क्रोमही तिथूनच पत्ता उचलतो.

दुसरं बिऱ्हाड : 'एन्व्हायर्नमेंट' फाइल

संगणकात 'ईटीसी' नावाचं फोल्डर असतं, त्यात सिस्टिमची सेटिंगं राहतात. त्यातच 'एन्व्हायर्नमेंट' नावाची एक छोटी फाइल आहे. लॉगिन करताना ती वाचली जाते आणि तिच्यातल्या ओळी त्या माणसाच्या प्रत्येक प्रोग्रॅमला मिळतात. वर जिला रूढ पद्धत म्हटलं, ती हीच.

ही फाइल सिस्टिमची असल्यामुळे साध्या यूजरला बदलता येत नाही. टर्मिनल उघडून 'सुडो नॅनो' या आज्ञेने ती उघडायची आणि आपला पासवर्ड द्यायचा. उबुंटूत या फाइलमध्ये आधीच 'पाथ' अशी एक लांब ओळ असते. तिला हात लावायचा नाही. ती बिघडली तर पुढच्या लॉगिनला साध्या साध्या आज्ञाही 'सापडत नाहीत' म्हणू शकतात. घाई न करता आधी फाइलची एक प्रत करून ठेवलेली बरी.

त्या ओळीच्या खाली अशा ओळी घालायच्या. इथे मराठीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. पत्ता नमुन्याचा आहे, तिथे आपला टाकायचा :

एचटीटीपी_प्रॉक्सी=एचटीटीपी://१०.०.०.१:३१२८
एचटीटीपीएस_प्रॉक्सी=एचटीटीपी://१०.०.०.१:३१२८
नो_प्रॉक्सी=लोकलहोस्ट,१२७.०.०.१

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. डावीकडे एचटीटीपीएस आहे, पण उजवीकडे साधं एचटीटीपीच आहे. ही छापण्यातली चूक नाही. डावी बाजू सांगते की कुलूपबंद साइटसाठी कोणाकडे जायचं, उजवी बाजू सांगते की त्या शिपायाशी बोलायचं कसं. शिपायाशी बोलणं साधंच असतं. उजवीकडेही शेवटी 'एस' लावला की बहुतेक ठिकाणी जोडणी होत नाही, आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

तिसरी ओळ सांगते की कोणासाठी शिपायाकडे जायचंच नाही. संगणकाचं स्वतःशी बोलणं, लॅबमधला प्रिंटर, आतला सर्व्हर, हे सगळं थेट. आतल्या सर्व्हरची नावं स्वल्पविराम देऊन पुढे जोडायची, मध्ये जागा सोडायची नाही. '१९२.१६८.' लिहून पुढे फुली म्हणजे तारा टाकला की सगळे आतले पत्ते आले, असं काही जण समजतात. बरेच प्रोग्रॅम तारा ओळखत नाहीत, म्हणून पूर्ण पत्ता किंवा पूर्ण नाव लिहिणं खात्रीचं.

आणखी दोन बारकावे. टर्मिनलमध्ये अशी ओळ लिहिताना पुढे 'एक्सपोर्ट' असा शब्द लावतात, या फाइलमध्ये तो लावायची गरज नाही. आणि नाव छोट्या अक्षरांतच लिहायचं. काही प्रोग्रॅम मोठ्या अक्षरांतलं नाव बघतात, म्हणून काही जण दोन्ही लिहितात. पण 'कर्ल' हा नेहमीचा प्रोग्रॅम एचटीटीपीच्या बाबतीत मुद्दाम फक्त छोट्या अक्षरांतलंच नाव मानतो. फक्त मोठ्या अक्षरांत लिहून भागत नाही.

फाइल जतन करायची (कंट्रोल आणि ओ, मग एंटर, मग कंट्रोल आणि एक्स), लॉगआउट करायचं, पुन्हा लॉगिन करायचं. नुसती खिडकी बंद करून उघडल्याने काही होत नाही, कारण ही फाइल लॉगिनच्या वेळीच वाचली जाते.

तिसरं आणि चौथं बिऱ्हाड : एपीटी आणि स्नॅप

सुरुवातीला सांगितलेली अपडेटची रड इथली आहे. काही टर्मिनल डेस्कटॉपच्या सेटिंगमधला पत्ता उचलतात. त्यामुळे टर्मिनलमध्ये नेट चालू दिसतं. पण सॉफ्टवेअर बसवायला 'सुडो' लावावं लागतं, आणि सुडो सुरक्षेसाठी आधीच्या माणसाच्या खिशातली बरीचशी चिठ्ठ्या-चपाट्या काढून घेतो. प्रॉक्सीचा पत्ता त्यातच गळतो. म्हणून एकाच खिडकीत एक आज्ञा चालते आणि सुडो लावलेली दुसरी अडकते. हे बघून भलेभले गोंधळतात.

खात्रीचा उपाय म्हणजे एपीटीला त्याच्या घरी जाऊन सांगणं. 'ईटीसी' फोल्डरात 'एपीटी' फोल्डर आहे, त्यात 'एपीटी.कॉन्फ.डी' नावाचं फोल्डर. तिथे '९५प्रॉक्सी' अशा नावाची नवी फाइल करायची आणि त्यात दोन ओळी घालायच्या. पहिली : 'अ‍ॅक्वायर', दोनदा कोलन, 'एचटीटीपी', दोनदा कोलन, 'प्रॉक्सी', मग एक जागा सोडून दुहेरी अवतरणात पूर्ण पत्ता, आणि शेवटी अर्धविराम. दुसरी ओळ तशीच, फक्त मधल्या एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस. अवतरणातला पत्ता दोन्हीकडे तोच. शेवटचा अर्धविराम विसरला की एपीटी तक्रार करून थांबतो. बंद पडलेल्या दहा फाइलींत चूक बहुधा तिथेच असते.

हे झालं की 'सुडो एपीटी अपडेट' चालतं, आणि पडद्यावरचा अपडेट मॅनेजरही चालतो, कारण तो आतून एपीटीलाच कामाला लावतो.

पण उबुंटूवर अजून एक गाठ उरते. २२.०४ आवृत्तीपासून उबुंटूचा फायरफॉक्स एपीटीकडून येत नाही, तो स्नॅपकडून येतो. म्हणजे बाकी सगळं मशीन अपडेट झालं तरी सर्वांत जास्त धोक्यात असलेली चीज, ब्राउझर, जुनीच राहू शकते. स्नॅपचा कारभारी मागे सेवा म्हणून सतत चालू असतो, त्यामुळे 'एन्व्हायर्नमेंट' फाइलमध्ये केलेला बदल त्या चालू सेवेला लगेच कळत नाही. त्याला वेगळं सांगणं खात्रीचं : 'सुडो स्नॅप सेट सिस्टिम', पुढे जागा सोडून 'प्रॉक्सी.एचटीटीपी=' आणि अवतरणात पत्ता. मग तीच आज्ञा पुन्हा 'प्रॉक्सी.एचटीटीपीएस=' साठी. ही आज्ञा लगेच लागू होते, लॉगआउटची गरज नाही. लिनक्स मिंट मुळात स्नॅप वापरत नाही, तिथे हे बिऱ्हाड रिकामंच आहे.

मराठीतून शिकायची सोय

ही डोकेदुखी आपल्याकडे नवी नाही. मुंबईत पवईच्या आयआयटीत अनेक वर्षं कॅम्पसमधून बाहेरचं नेट प्रॉक्सीतूनच मिळायचं आणि तिथे लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही बिऱ्हाडं हिंडावी लागायची. त्याच आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प केंद्र सरकारच्या मदतीने चालतो. छोटे छोटे व्हिडिओ, मोफत, आणि अनेक विषय मराठी आवाजातही. त्यातल्या लिनक्सच्या पाठांमध्ये 'सिनॅप्टिक' या सॉफ्टवेअर बसवण्याच्या खिडकीचा पाठ आहे. त्यात यूजरनेम-पासवर्ड असलेली प्रॉक्सी कुठे भरायची तेही दाखवलं आहे. पाठ जुन्या उबुंटूवरचा आहे, खिडक्यांची रूपं बदलली आहेत, पण काय का करायचं ते समजतं.

सरकारी बाजूनेही लिनक्स वाढत चाललंय. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर बेतलेली 'माया' प्रणाली बसवणार असल्याच्या बातम्या आल्या. ऑर्डनन्स डेपो आणि दारूगोळा कारखान्याच्या शेजारी वाढलेल्या देहूरोडला ही बातमी परकी नाही. सरकारी नोकरीत जाणाऱ्या इथल्या मुलांना उद्या टेबलावर लिनक्स दिसलं तर नवल वाटायला नको. बॉस डेबियनवर आणि माया उबुंटूवर बेतलेली, म्हणून वर सांगितलेली एपीटीची रीत अशा प्रणालींतही ओळखीची वाटेल.

पासवर्ड असेल तर

पासवर्डवाली प्रॉक्सी असेल तर ब्राउझर स्वतः खिडकी उघडून विचारतो. फाइलींमध्ये मात्र पत्त्याच्या आधी यूजरनेम, कोलन, पासवर्ड आणि मग '@' असं लिहावं लागतं. पासवर्डमध्येच '@' किंवा '#' असेल तर गडबड होते, कारण संगणकाला कळत नाही की पासवर्ड कुठे संपला. तिथे '@' ऐवजी %४०, '#' ऐवजी %२३ आणि कोलनऐवजी %३ए लिहायचं. आकडे अर्थातच इंग्रजी, आणि 'ए' म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर. पत्ता बरोबर असूनही '४०७' असा आकडा दिसला, तर शिपाई भेटलाय पण ओळखपत्र मागतोय, असं समजायचं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. अभ्यासिकेतल्या किंवा सामायिक मशीनवर 'एन्व्हायर्नमेंट' फाइलमध्ये स्वतःचा पासवर्ड लिहू नये. ती फाइल त्या मशीनवरचा कुठलाही यूजर उघडून वाचू शकतो. त्या पासवर्डवर दुसऱ्याने काय काय उघडलं, त्याची नोंद मात्र तुमच्या नावावर होते. अशा मशीनसाठी संस्थेकडून वेगळं खातं मागून घ्यावं.

सगळं बरोबर, तरी चालत नाही?

पहिलं म्हणजे 'पिंग' करून बघू नये. पिंग प्रॉक्सीतून जातच नाही, त्यामुळे नेट उत्तम चालू असतानाही पिंग 'उत्तर नाही' म्हणतो. त्याऐवजी टर्मिनलमध्ये 'डब्ल्यूगेट' किंवा 'कर्ल'ने एखादी साइट मागून बघायची.

दुसरं, पत्ता खरंच पोचलाय का ते बघायचं. टर्मिनलमध्ये 'एन्व्ह' ही आज्ञा दिली की एक लांब यादी येते. त्यात प्रॉक्सी शब्द असलेल्या ओळी दिसायला हव्यात. दिसत नसतील तर लॉगआउट करायचं राहिलंय किंवा फाइलमध्ये अक्षर चुकलंय.

तिसरं जुन्या मशीनसाठी खास. घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीमॉस सेल संपला असेल तर वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. एरवी संगणक नेटवरून वेळ बरोबर करून घेतो, पण वेळ मागणारी यंत्रणा प्रॉक्सीतून जात नाही. मग तारीख जुनीच राहते, प्रत्येक कुलूपबंद साइटचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसतं आणि ब्राउझर लाल इशारा देतो. दोष प्रॉक्सीला दिला जातो, आणि खरा दोष स्वस्तात मिळणाऱ्या सेलचा असतो.

फोनवर काय?

लॅबच्या वायफायला फोन जोडायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या नावापुढच्या खुणेवर जाऊन 'प्रॉक्सी' मध्ये 'मॅन्युअल' निवडता येतं. हे सेटिंग त्या एका वायफायपुरतंच राहतं, घरच्या नेटवर्कवर त्याचा त्रास होत नाही. पण ते मुख्यतः ब्राउझरसाठी आहे, बाकी अ‍ॅप ते मानतीलच असं नाही. म्हणून तिथे क्रोम चालतो आणि दुसरं एखादं अ‍ॅप गप्प बसतं. फोन बिघडलेला नसतो.

प्रॉक्सीला काय दिसतं, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. कुलूपबंद साइटच्या बाबतीत तिला साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर किंवा पासवर्ड दिसत नाही. मात्र संगणकात किंवा फोनमध्ये कुणी वेगळं 'सर्टिफिकेट' बसवलं असेल तर आतलंही उघडून वाचता येतं. काही संस्था तसं जाहीरपणे करतात. पण फोनवरून बोलणारा अनोळखी माणूस 'नेट फास्ट होईल' म्हणून प्रॉक्सीचा पत्ता भरायला किंवा सर्टिफिकेट बसवायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं.

लॅपटॉप घरी आणला की

देहूरोडहून लोकलने पुण्याला किंवा लोणावळ्याला कॉलेजला जाणाऱ्याचा लॅपटॉप दिवसा प्रॉक्सीत आणि रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतो. घरी तो शिपाई नाहीच, तरी लॅपटॉप त्यालाच शोधत बसतो. फायरफॉक्स म्हणतो प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारतोय, क्रोम म्हणतो प्रॉक्सीत काहीतरी गडबड आहे. त्याच हॉटस्पॉटच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप मात्र धडाधड चालत असतं. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर रात्री अकरा वाजता घरात जी पळापळ होते, ती टाळण्याजोगी आहे.

रोज ये-जा करणाऱ्या लॅपटॉपवर 'एन्व्हायर्नमेंट' फाइल वापरूच नये, हे उत्तम. ती जागेवर बसलेल्या डेस्कटॉपसाठी ठीक. लॅपटॉपला फक्त डेस्कटॉपचं सेटिंग वापरावं, घरी आलं की तो खटका बंद करावा, आणि अपडेट घरीच हॉटस्पॉटवर किंवा घरच्या वायफायवर करावेत. मग एपीटी आणि स्नॅपला प्रॉक्सी सांगायची वेळच येत नाही.

आधीच सगळीकडे भरून झालं असेल तर उलट्या क्रमाने काढायचं. 'एन्व्हायर्नमेंट' फाइलमधल्या प्रॉक्सीच्या ओळींच्या सुरुवातीला '#' लावायचा, ओळ तिथेच राहते पण वाचली जात नाही. एपीटीच्या फाइलच्या नावापुढे टिंब देऊन 'डिसेबल्ड' जोडलं की एपीटी ती सोडून देतो. परत हवी तेव्हा नाव पूर्ववत करायचं. स्नॅपसाठी 'सेट'च्या जागी 'अनसेट' लिहून तीच आज्ञा, पत्त्याशिवाय, दोनदा द्यायची. शेवटी डेस्कटॉपच्या सेटिंगमधली प्रॉक्सी बंद करायची, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं आणि 'एन्व्ह'च्या यादीत प्रॉक्सी शब्द उरला नाही ना, ते एकदा बघून घ्यायचं.